साठच्या पुढे स्टेअरिंग नाचतं: जिप्सीचा वॉबल तीनदा जाऊन चौथ्यांदा का आला

रविवारी सकाळी सहाची वेळ, रिंग रोडचा सिमेंटचा मोकळा पट्टा. मीटरचा काटा साठला टेकला, पुढचं चाक एका सांध्यावरून गेलं आणि स्टेअरिंग माझं ऐकेना. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, इतक्या भराभर की हात धरावा कुठे ते कळेना. डॅशबोर्डवरचा मोबाइल उडून भाच्याच्या पायात पडला. ऍक्सिलरेटर सोडला, गाडी तिसावर आली तेव्हा कुठे चाकं शांत झाली. भाचा म्हणाला, "मामा, हे त् मागच्या वर्षीच दुरुस्त झालं होतं ना?"

झालं होतं. एकदा नाही, तीनदा.

ज्यांच्या जिप्सीत किंवा सॉलिड एक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असलेल्या) कुठल्याही जुन्या जीपमध्ये हे दुखणं दर तीन-चार महिन्यांनी परत येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडीला दोष देणार नाही. कंपनीतून आली तेव्हा ती सरळ चालत होती. बिघडवली ती मीच, हौसेने, दिवाळीच्या बोनसमधून.

गाडी २००६ ची जिप्सी किंग, म्हणजे एमजी ४१३, १२९८ सीसी पेट्रोल. पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे डिस्क ब्रेक, साधं स्टेअरिंग. मी केलेले बदल असे: चारही शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसिसला लटकवणाऱ्या पट्ट्या) ५० मिलिमीटरने लांब, २३५/७५ आर १५ चे मड टायर आणि ते आत घासू नयेत म्हणून बाहेर काढलेल्या रिम. उंची वाढली, रुबाब वाढला. दोन महिन्यांनी वॉबल आला.

आधी एक नीट समजून घ्या. वेग वाढेल तसं हळूहळू वाढणारं आणि पुढे कमी होणारं थरथरणं वेगळं. ते बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगचं किंवा वाकलेल्या रिमचं असतं. खड्डा किंवा सांधा लागला की एकदम सुरू होतं, थांबायचं नाव घेत नाही आणि वेग अर्ध्यावर आणल्याशिवाय जात नाही, तो खरा वॉबल. तो आला तर घाबरून ब्रेक दाबू नका. पुढच्या एक्सलवर वजन येऊन नाच वाढतो. ऍक्सिलरेटर सोडा, अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका, सरळ धरून गाडी आपोआप हळू होऊ द्या.

आणि तपासणी सुरू करायच्या आधी रिम आतून धुवा. हे हसण्यावारी नेऊ नका. आपली काळी माती ओली असताना चिखल आणि वाळली की सिमेंट. काटोलकडच्या मित्राच्या शेतात पावसाळ्यात गाडी घातली होती, तेव्हा एका रिमच्या आतल्या कडेला मुठीएवढा गोळा चिकटून वाळला होता. बाहेरून चाक चकाचक. बॅलन्सिंगवाला बाहेरून बघून वजनं लावतो, पुढच्या आठवड्यात गोळा गळून पडतो आणि ती वजनंच चाकाला बिघडवायला लागतात. खराटा, खिळा, पाण्याचा जोर, काहीही वापरा, पण आतली बाजू पत्रा दिसेपर्यंत साफ करा.

पहिल्यांदा मी बॅलन्सिंग करून घेतलं. वॉबल गेला. दोन महिन्यांनी परत.

दुसऱ्यांदा एका दुकानात सांगितलं की स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके पिणारा शॉक ऍब्सॉर्बर, निकामी झाला आहे. बदलला, चांगला जाडजूड बसवला. वॉबल गेला, चार महिने गेला. मी चार लोकांना छातीठोकपणे सांगितलं की डॅम्पर बदला. त्या चौघांची आज माफी मागतो.

तिसऱ्यांदा टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) यांचे एंड, म्हणजे टोकांचे सांधे, बदलले, अलाइनमेंट केली. अलाइनमेंटच्या कागदावर टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो आकडा, बरोबर होता. कॅस्टरच्या, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांच्या पुढे-मागे कलाच्या, रकान्यात जुळत नाही असं काहीतरी आलं होतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "याच्यात ते सेट होत नाही साहेब, सोडून द्या." मी सोडून दिलं. सगळ्या गोष्टीचं उत्तर त्याच रकान्यात होतं.

चौथ्यांदा मात्र मी एका उस्तादाकडे गेलो. याचा हात जंगल सफारीच्या जिप्सींवर बसलेला. पेंचच्या सिल्लारी गेटकडच्या, उमरेड-कऱ्हांडल्याच्या कितीतरी गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. मी मोठ्या तयारीने सगळा इतिहास सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आमच्या गाड्यायले हे होतच नाही भाऊ." मी म्हटलं, का? "जंगलात वीसच्या वर गाडी जातेच कुठी? नाचाले साठ लागते." मग चाकाला एक लाथ घालून म्हणाला, "डॅम्पर बदलून काही होत नाही. अंगात ताप असला त् पंखा लावून उतरते का?"

त्याच्याकडे दोन रविवार बसून जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमाने केलेली प्रत्येक दुरुस्ती थोडे दिवस खरी वाटते.

असं का वाटते? वॉबलला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. एक, धक्का: असंतुलित चाक, खड्डा, सांधा. दोन, हलायला जागा: कुठेतरी ढिलेपणा. तीन, चाकाला सरळ राहण्याची ओढ कमी असणे. यातली एक जरी गोष्ट आपण थोडी सुधारली तरी नाच बंद होतो. बाकीच्या दोन तिथेच बसून राहतात. टायर झिजला, बॅलन्स थोडा गेला, डॅम्परचं तेल पातळ झालं की परत तेच. मी तीनदा पहिली आणि दुसरी गोष्ट थोडी थोडी सुधारली. तिसरीला हात लावला नाही, कारण ती डोळ्याला दिसत नाही.

सिमेंट रस्त्याचं एक गणित मध्येच सांगून टाकतो, कारण "डांबरी रस्त्यावर होत नाही, सिमेंटवरच होतं" हे आपल्याकडे कितीतरी जण म्हणतात. माझ्या टायरचा व्यास ७३३ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी २.३ मीटर पुढे जाते. ज्या पट्ट्यावर वॉबल येतो तिथले सांधे मी टेपने मोजले: साधारण साडेचार मीटरला एक. म्हणजे चाकाचे जवळजवळ बरोबर दोन फेरे झाले की एक ठोका, आणि तो दर वेळी टायरच्या जवळपास त्याच जागी. मीटरवर ६० असताना जीपीएसवर ६६ दिसतं, कारण मूळ २०५/७० च्या मानाने टायर दहा टक्के मोठा आहे. त्या वेगाला चाक सेकंदाला आठ फेरे मारतं आणि सांधा सेकंदाला चार ठोके देतो. झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहिलं की झोका वाढतो, तसं. हा माझा अंदाज आहे, पण मूळ मापाच्या टायरवर त्याच पट्ट्यावर वॉबल यायला बराच उशीर लागला, एवढं मी करून पाहिलं. रस्त्याला शिव्या देण्यात मात्र अर्थ नाही. रस्ता फक्त धक्का देतो.

ढिलेपणा शोधणे

याला दोन माणसं लागतात आणि पैसे लागत नाहीत. गाडी जमिनीवर, चाकं सरळ, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग घड्याळाच्या दहा ते दोन एवढंच, भराभर डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. डोळ्यांवर भरवसा नको. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंकचे एंड, स्टेअरिंग बॉक्स चॅसिसला जिथे बोल्टने बसतो ती जागा, पाट्यांचे बुश, शॅकलचे बुश. माझ्या गाडीत शॅकलच आडवी हलत होती. लांब शॅकलच्या दोन पट्ट्या मध्ये आडवा जोड नसेल तर कातरीसारख्या तिरक्या होतात. वेल्डिंगवाल्याकडून मध्ये एक पट्टी बसवून इंग्रजी एच अक्षरासारखा आकार करून घेतला, तो प्रकार थांबला.

बुशबद्दल एकच सांगतो. आपल्याकडच्या उन्हात रबरी बुश तडकतात, हे मान्य. पण निम्मे बुश बसवतानाच मरतात. गाडी जॅकवर असताना शॅकलचे नट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं.

स्टेअरिंग बॉक्सच्या वरचा स्क्रू फिरवून प्ले (मोकळी चाल) काढायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. स्टेअरिंग मधोमध घट्ट झालं, वळणावरून परत यायला कुरकुर करू लागलं आणि वॉबल तसाच. स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. बॉक्स खरंच झिजला असेल तर तो उघडावा, स्क्रूने पिळू नये.

आता चाक. पुढची एक बाजू जॅकवर घ्या आणि एक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाला धरून हलवा. चाल जाणवली तर ती एकतर व्हील बेअरिंगची किंवा किंगपिनची (चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांची). कोणाची हे ओळखायची युक्ती उस्तादाने दाखवली आणि मला इतक्या वर्षांत ती कोणी सांगितली नव्हती: भाच्याला म्हणाला, "ब्रेक दाबून ठेव रे पोट्ट्या." ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमध्ये पकडली जाते आणि हब नकलशी (स्टेअरिंगबरोबर वळणारा, चाक धरून ठेवणारा भाग) एकजीव होतो. चाल गायब झाली तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही चाल राहिली तर किंगपिन. माझी राहिली. उजव्या चाकाला थोडी, डाव्याला चांगलीच.

चाल फक्त नऊ आणि तीनला असेल, बारा-सहाला अजिबात नसेल, तर टाय रॉडचे एंड परत बघा.

किंगपिन

जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना गोळा असतो, त्याच्यावर नकल फिरते. प्रत्येक बाजूला वर एक, खाली एक किंगपिन आणि त्यांच्यावर टेपर रोलर बेअरिंग. एकूण चार बेअरिंग. हे बेअरिंग कधी पूर्ण फिरतच नाहीत. आयुष्यभर सरळ जागेवर थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे. त्यामुळे रोलर एकाच जागी ठोकत राहतात आणि कपमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, बारीक खाचा पाडतात. खाच पडली की चाक सरळ असताना ढिलं आणि वळवल्यावर घट्ट. नेमकं उलटं हवं ते.

तपासायला महागडं काही लागत नाही. टाय रॉड सोडवा, नकलच्या मागचं ऑइल सील आणि त्याची पत्र्याची रिंग ढिली करून बाजूला घ्या, नाहीतर सीलचंच घर्षण मोजलं जाईल. मग टाय रॉडच्या भोकात लटकता काटा अडकवा. रद्दीवाल्याकडे असतो तो स्प्रिंगचा, किंवा प्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल चालेल. आर्मला काटकोनात ओढा आणि नकल हलायला लागताना किती वजन दाखवतो ते बघा. कारखान्याच्या पुस्तकातला आकडा १ ते १.८ किलो. माझ्या डाव्या बाजूला काटा हललाही नाही आणि नकल आली. चारशे ग्रॅम म्हणू. उजवीकडे ८०० ग्रॅम. पण चाक थोडं वळवून त्याच बाजूला परत ओढलं तर सव्वा किलो. म्हणजे खाचा पडल्या होत्या.

नुसतं ढिलं असतं, पण सगळीकडे सारखं ढिलं, तर वरच्या किंगपिनखालची एखादी शिम (पत्र्याची पातळ चकती) काढली की झालं. शिम ०.१ मिलिमीटरची पण असते. शिम काढली की पिन खाली बसते आणि बेअरिंगवर दाब वाढतो. पण खाच पडलेल्या कपवर शिम काढणं म्हणजे मधली जागा घट्ट करताना बाजूची जाम करणं. माझ्या आधी कोणीतरी हेच केलं असावं, कारण डाव्या बाजूला एकही शिम नव्हती. बेअरिंग बदलण्याला पर्याय नव्हता.

काम कष्टाचं आहे, अवघड नाही. सुट्टीचा एक अख्खा दिवस आणि चिंध्यांचं एक पोतं ठेवा. कॅलिपर काढला की तारेने पाट्याला बांधा, ब्रेकच्या नळीवर लटकवू नका. हब, स्पिंडल, मग ऍक्सल शाफ्ट बाहेर. वरची-खालची, डावी-उजवी पिन आणि तिच्या शिम वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर मार्करने लिहून. गोळ्याच्या आत काय आहे ते बघून तब्येत कळते. काळं, घट्ट ग्रीस म्हणजे ठीक. पातळ वरणासारखं काही ओघळलं तर एक्सलच्या आतलं सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळलं आहे. दुधासारखं पांढरट असेल तर नाल्यातलं पाणी. माझ्याकडे डावीकडे वरण, उजवीकडे दूध. दोन्ही बाजूंची आतली सीलं त्याच दिवशी बदलली. परत कोण उघडणार.

जुने कप पितळेच्या छिन्नीने, थोडं इकडे थोडं तिकडे ठोकत काढायचे. लोखंडी छिन्नी चालवली तर घर खराब होतं आणि मग नवा कप तिरका बसतो. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने निघेपर्यंत दाबून भरायचं. वरून लावलेलं ग्रीस हे बेअरिंगला लावलेलं उटणं आहे. मग पिना बसवून, सील न लावता, परत काटा. मी दोन्ही बाजूंना दीड किलोच्या आसपास आणलं. त्यासाठी डावीकडे शिम घालून-काढून पाच वेळा बोल्ट खोलावे लागले. उस्ताद मध्येच म्हणाला, "झालं न बाप्पा आता, लग्न जुळवून राहिले का?" पण दोन्ही बाजूंचा आकडा सारखा असणं महत्त्वाचं, हे त्याने नंतर कबूल केलं.

चालवून पाहिली. साठला वॉबल नाही. पासष्टला नाही. सत्तरला स्टेअरिंगमध्ये हलकी फडफड आली आणि गेली. पूर्वी मी इथेच थांबलो असतो आणि "झालं दुरुस्त" म्हणून मोकळा झालो असतो. यावेळी मी डॅम्पर काढून चालवली. एवढी एक गोष्ट या सगळ्यातून तुम्ही घेतलीत तरी पुरे: चाचणी डॅम्पर काढून, मोकळ्या रस्त्यावर, वेग पाच-पाचने वाढवत घ्या. डॅम्परशिवाय गाडी सरळ राहिली तर गाडी बरी झाली. डॅम्पर लावूनच राहते तर रोग झाकला आहे. माझी डॅम्परशिवाय पंचावन्नलाच नाचली.

कॅस्टर

सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल बऱ्यापैकी सरळ जाते. जिप्सीच्या किंगपिनलाही असाच कल असतो: वरची पिन खालच्या पिनपेक्षा किंचित मागे. मूळ गाडीला हा कल साडेतीन अंश आहे. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येतं ते याच्यामुळे. माझ्या गाडीचं स्टेअरिंग कधी परत यायचं बंद झालं हे मला आठवतच नव्हतं. मोठ्या टायरमुळे असेल असं समजून मी ते हाताने आणायची सवय करून घेतली होती.

हा कल गेला कुठे? शॅकलमध्ये. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चॅसिसला पक्कं असतं आणि पुढचं टोक शॅकलवर. पुढची शॅकल ५० मिलिमीटरने लांब केली की पाट्याचं पुढचं टोक तेवढं खाली जातं, मागचं जागेवरच राहतं. पाटा पुढे झुकतो. एक्सल पाट्याला यू बोल्टने आवळलेला असतो, म्हणजे तोही पुढे झुकतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी मीटरपेक्षा थोडी कमी. त्यात ५० मिलिमीटरचा उतार म्हणजे तीन अंश. साडेतीनातून तीन गेले.

आणि मिळालं काय? एक्सल पाट्याच्या मध्यावर असल्यामुळे उंची ५० मिलिमीटर नाही, त्याच्या निम्मी, २५ मिलिमीटर वाढली. एका इंचाच्या रुबाबासाठी मी गाडीचा सरळपणा विकला होता. वर बाहेर काढलेल्या रिममुळे प्रत्येक खड्ड्याला चाकाला वळवायला जास्त लांब दांडा मिळत होता.

मोजायला अलाइनमेंटचं मशीन नसलं तरी चालतं. गाडी सपाट जागेवर उभी करा. आमच्या सोसायटीचं पार्किंग सपाट दिसतं, निघालं पाऊण अंश उतारावर, म्हणून आधी जमीन मोजा आणि तेवढं वजा करा. मग नकलच्या वरच्या टोपीवर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, मोबाइलमधलं कोन मोजायचं ऍप ठेवा. गंज आणि माती घासून काढून. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. माझं उत्तर: डावीकडे अर्धा अंश, उजवीकडे जेमतेम त्याहून थोडं जास्त.

उपाय दोन. पहिला आणि माझ्या मते शहाणपणाचा: लांब शॅकल काढून मूळ बसवा आणि उंची हवी असेल तर पाटेवाल्याकडून पाट्यांना कमान मारून घ्या किंवा पाटा वाढवून घ्या. दोन्ही टोकं सारखी राहतात, एक्सल झुकत नाही. नव्याने गाडी घेणाऱ्याला मी हेच सांगेन. दुसरा: एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर. मी दुसरा घेतला, कारण मूळ शॅकल मी भंगारात देऊन बसलो होतो आणि पाटेवाल्याकडे त्या आठवड्यात नंबर लागत नव्हता.

पाचर अडीच अंशाची, लोखंडी. ऍल्युमिनियमच्या मिळतात, पण त्या दबतात, तडकतात, आणि पाचर तुटून निघाली तर यू बोल्ट ढिले पडतात. पुढच्या एक्सलवर तो जुगार मी खेळणार नाही. लेथवाल्याकडून करून घेतल्या, मध्ये सेंटर बोल्टसाठी भोक. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो, त्यामुळे जाड बाजू पुढे येते. पाटे वर बसवून घेतलेल्या गाडीत हे उलटं होईल, तेव्हा डोळे मिटून नक्कल करू नका. सेंटर बोल्ट लांब लागतो. यू बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका. चारही नट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. मग शंभर किलोमीटरवर परत, पाचशेवर परत. माझे पहिल्या शंभरानंतर चांगला पाव फेरा सरकले.

त्यानंतर टो परत बघितला. खडूने टायरच्या मध्यावर रेघ, एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून टेप. पुस्तकात २ ते ६ मिलिमीटर आत आहे, मी ३ ठेवला. टायरमध्ये हवा दोन्ही बाजूंना सारखी; ट्रेलवर कमी करून परत येताना एका चाकात भरायला विसरलेली हवा हेसुद्धा वॉबलचं निमित्त होऊ शकतं.

कॅस्टर आता तीन अंश. पहिल्याच वळणावर स्टेअरिंग हातातून सरकत आपणहून सरळ झालं, तेव्हा भाचा आणि मी एकमेकांकडे बघितलं. तोच रिंग रोड, तीच सकाळ, डॅम्पर घरी. साठ, सत्तर, ऐंशी. काही नाही. फक्त सांध्यांचा टकटक आवाज. डॅम्पर नंतर परत लावला, कारण खड्ड्याचा झटका हातापर्यंत येऊ नये यासाठीच तो असतो आणि ते काम तो चांगलं करतो. याला आता सहा महिने आणि एक अख्खा उन्हाळा होऊन गेला.

फुकट काही मिळत नाही, त्याचा हिशोबही सांगतो. पाचरीने एक्सल मागे कलला की डिफरन्शियलचं तोंड, जिथे पुढचा प्रोपेलर शाफ्ट जोडतो, ते खाली जातं आणि युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो. फोर व्हील लावून पन्नासच्या पुढे गेलं तर खालून घरघर येते. फोर व्हीलमध्ये पन्नासने कोण जातं म्हणून मी सध्या सोडून दिलं आहे, पण जॉइंटला दर महिन्याला ग्रीस मारतो. याच कारणासाठी तीन-चार अंशांच्या वर पाचर घालू नका. वॉबल जातो पण शाफ्ट खातो. कल मूळ आकड्याच्या पुढे नेऊनही काही साधत नाही, स्टेअरिंग जड होतं तेवढंच.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधनं घालतं. पाचर कोणी बघत नाही, बाहेर आलेले टायर लगेच दिसतात. मी रिम मूळच्या बसवल्या. टायर आतल्या बाजूला पूर्ण वळणावर पाट्याला किंचित घासतो, म्हणून स्टेअरिंगच्या स्टॉपरचे बोल्ट एक फेरा बाहेर काढले. वळण थोडं मोठं लागतं. सीताबर्डीच्या गल्लीत गाडी वळवताना शिव्या खातो.

काल रिम धुताना बघितलं, डाव्या नकलच्या मागे ग्रीसची बारीक ओली रेघ आहे. फेल्ट सील बसवताना कुठेतरी दुमडलं असावं. येत्या रविवारी परत खोलणार, आणि खोललंच आहे तर काटा परत लावून दीड किलोचे किती राहिले तेही बघणार. भाच्याला सांगून ठेवलंय, तर्री पोहे माझ्याकडून.